पालीसाठी घर सोडणारे धर्मानंद कोसंबी

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने काहीतरी लिहायचेच, असा समितीचा निरोप आला. शाळेच्या आठवणी माझ्यापेक्षा रंगवून सांगणारे आपल्या वर्गात पुष्कळ आहेत, म्हणून तो विषय मी त्यांच्याकडे सोपवते. मी एका मोठ्या माणसाचे चरित्र सांगणार आहे. ते आपल्या तालुक्यातले नव्हते आणि त्यांना जाऊनही पाऊणशेहून अधिक वर्षे झाली. पण सध्या आपल्यापैकी अनेकांच्या घरी मुलांच्या पुढच्या शिक्षणावरून जी चर्चा चालू आहे, तिच्याशी या चरित्राचा जवळचा संबंध आहे.

माझ्या घरचेच सांगते. बहिणीची मुलगी यंदा बारावी झाली. गुण चांगले पडले. घरच्यांनी इंजिनिअरिंगची तयारी गृहीत धरली होती आणि तिने जाहीर केले की तिला पाली घेऊन बी.ए. करायचे आहे. पुढे सिंहली आणि थाई शिकायची आहे आणि श्रीलंका, म्यानमार, थायलंड या भागाचा इतिहास अभ्यासायचा आहे. घरात जे व्हायचे ते झाले. शेवटी, मावशी इंजिनिअर आहे, तिलाच विचारू, असे ठरले. मी गेली वीस-बावीस वर्षे सॉफ्टवेअरमध्ये आहे. या विषयाशी माझा कधी संबंध आला नव्हता. म्हणून मत देण्याआधी वाचायला बसले आणि वाचता वाचता धर्मानंद कोसंबी भेटले.

त्यांच्याकडे वळण्याआधी आपल्या रस्त्याबद्दल दोन शब्द. टोकावड्याहून माळशेजकडे निघाले की वैशाखरे लागते आणि तिथून नाणेघाटाची चढण सुरू होते. वरची गुहा आणि दगडी रांजण आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. गुहेच्या भिंतींवरचा लेख मात्र आपण नुसताच पाहिला, कारण तो वाचता येत नव्हता. सातवाहन राणी नागनिकेचा तो लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहे. त्यात यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची यादी आहे, आकडेसुद्धा आहेत. घाट चढून जुन्नरला गेले की तिथल्या बौद्ध लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे लेख सापडतात. तिकडे कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावे आहेत. म्हणजे ज्या रस्त्यावर आपण एस.टी.ची वाट पाहत उभे राहायचो, त्या भागातून दोन हजार वर्षांपूर्वी परदेशी माल आणि भिक्षू ये-जा करत होते. त्या काळच्या लोकांची भाषा पालीची सख्खी बहीण शोभेल अशी होती. असे असूनही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात पाली शिकायची म्हटली तर कुणाकडे जावे हा प्रश्न होता. तो सोडवण्यासाठी एका माणसाला अर्धे आशिया पालथे घालावे लागले.

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यातल्या सांखवाळ या गावी झाला. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. घरी नारळीची बागायत होती. प्रकृती नाजूक असल्यामुळे आणि आसपास पुढच्या शिक्षणाची सोय नसल्यामुळे त्यांचे शालेय शिक्षण अगदी थोडे झाले. मराठी वाचता-लिहिता येत होते, इंग्रजीचे शिक्षण झाले नाही. पंधराव्या वर्षाच्या सुमारास बाळाबाईंशी लग्न झाले. बागायत सांभाळायची आणि हाती लागेल ते मराठी पुस्तक वाचायचे, असा त्यांचा दिनक्रम होता. तुकारामांच्या गाथेने त्यांना मोठा आधार दिला. अशातच 1897 च्या सुमारास ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचे छोटेसे चरित्र वाचले आणि या माणसाविषयी सगळे जाणून घ्यायचे, असे त्यांच्या मनाने घेतले. मुलांच्या मासिकातल्या एका लेखाचा एवढा परिणाम होईल, असे तो छापणाऱ्यांनाही वाटले नसेल.

वडील वारल्यानंतर, 1899 च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. वय 23 होते. मुलगी माणिक तान्ही होती. ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी एका ओळीत उरकलेली असते. मला ती उरकता येत नाही, म्हणून तिच्याकडे पुढे येते.

पुण्यात ते डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले आणि वासुदेवशास्त्री अभ्यंकरांकडे संस्कृतचे धडे घेऊ लागले. पण पुण्यात निभाव लागेना. मग ग्वाल्हेरमार्गे काशी गाठली. काशीत अन्नछत्रात जेवायचे आणि गंगाधरशास्त्री तेलंगांसारख्या पंडितांकडे संस्कृत शिकायचे, असे दिवस काढले. संस्कृत चांगले आल्यावर 1902 मध्ये ते नेपाळला गेले. तिथे बौद्ध धर्माचे मूळ ज्ञान मिळेल अशी आशा होती, ती फोल ठरली. काठमांडूहून बुद्धगया, तिथून कलकत्ता आणि तिथून समुद्रमार्गे सिंहलद्वीप, म्हणजे आजची श्रीलंका, असा प्रवास झाला. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात महास्थविर सुमंगल यांच्या हाताखाली ते श्रामणेर झाले आणि पाली शिकू लागले.

इथे थोडे थांबून पालीबद्दल सांगायला हवे. संस्कृतला देवनागरी तशी पालीला स्वतःची एक ठरलेली लिपी नाही. श्रीलंकेत ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात बर्मी लिपीत आणि थायलंडात आणखी वेगळ्या लिप्यांत. युरोपीय पंडितांनी छापली ती रोमन लिपीत. बुद्धाची वचने ज्या ग्रंथांत आहेत ते त्रिपिटक आपल्याकडे जन्मले आणि आपल्याकडूनच नाहीसे झाले. टिकले ते शेजारच्या देशांत, त्यांच्या लिप्यांत, त्यांच्या मठांत. त्यामुळे पाली शिकायची म्हणजे त्या सगळ्या प्रदेशाचे शिक्षण घ्यायचे. तिथली लिपी, तिथल्या विहारांची रीत, जेवणाच्या वेळा, टीकाग्रंथांची परंपरा, हे सगळे त्यात आले. कोसंबी आधी श्रीलंकेत आणि मग ब्रह्मदेशात भिक्षूंमध्ये राहून, त्यांच्यासारखे जेवून आणि त्यांच्याबरोबर ध्यान करून ते शिकले. श्रीलंकेतले अन्न त्यांना मानवले नाही, तब्येत ढासळली, तरी अभ्यास सुटला नाही. आज विद्यापीठांत एखाद्या प्रदेशाची भाषा, इतिहास आणि संस्कृती एकत्र शिकवणारे अभ्यासक्रम असतात. कोसंबींनी तो अभ्यासक्रम पायी चालून, उपाशी राहून आणि स्वतःच आखून पूर्ण केला.

1906 मध्ये ते कलकत्त्याला आले आणि चीवर उतरवून शिक्षक झाले. स्वदेशी चळवळीतून तेव्हा तिथे राष्ट्रीय महाविद्यालय निघाले होते. तिथे आणि नंतर कलकत्ता विद्यापीठात ते पाली शिकवू लागले. ज्या माणसाने मॅट्रिकची पायरीही पाहिली नव्हती, तो विद्यापीठात व्याख्याता झाला. त्याच वर्षी, सात वर्षांनी, ते गोव्याला गेले आणि बाळाबाईंना भेटले.

कलकत्त्याची नोकरी चांगली होती आणि मान होता. पण आपल्याला मिळालेले ज्ञान आपल्या माणसांना, आपल्या भाषेत मिळाले पाहिजे ही तळमळ त्यांना स्वस्थ बसू देईना. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना देऊ केले की महाराष्ट्रात कुठेही राहा, दरमहा 50 रुपये देऊ, वर्षाला एखादे पुस्तक लिहून द्या. कोसंबींनी विद्यापीठाच्या बऱ्याच मोठ्या पगारावर पाणी सोडले आणि हे 50 रुपये घेतले. नोकरी बदलताना आपण सगळे जो हिशेब करतो त्यात हा निर्णय कुठेच बसत नाही. पण महाराष्ट्रातल्या पालीच्या अभ्यासाचा पाया या 50 रुपयांवर उभा राहिला. बडोद्यात दिलेल्या व्याख्यानांचे ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक 1910 मध्ये निघाले.

विषय महाराष्ट्रात रुजायचा तर विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात त्याला जागा हवी. भांडारकरांनी आपले वजन खर्च केले आणि मुंबई विद्यापीठाने पालीला मान्यता दिली. 1912 पासून 1918 पर्यंत कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. त्यांच्या विद्यार्थ्यांत पु. वि. बापट आणि ना. के. भागवत होते. बापट पुढे चिनी आणि तिबेटी शिकले, हार्वर्डला गेले. मूळ हरवलेला ‘विमुत्तिमग्ग’ हा ग्रंथ चिनी भाषांतरातून वाचून त्यांनी तो पाली ‘विसुद्धिमग्ग’शी ताडून पाहिला. मुंबई आणि पुणे विद्यापीठांत आज पालीचे स्वतंत्र विभाग आहेत. शिकवणारा एक माणूस तयार व्हायला किती कष्ट पडतात आणि तो तयार झाल्यावर पुढच्यांची वाट किती सोपी होते, हे या एका उदाहरणात दिसते.

फर्ग्युसनच्या आधीच, 1910 मध्ये, कोसंबींना अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले होते. काम होते ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनाचे. पाचव्या शतकात बुद्धघोषाने श्रीलंकेत लिहिलेला हा ग्रंथ म्हणजे शील, समाधी आणि प्रज्ञा यांचे मोठे पाठ्यपुस्तकच. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन अभ्यासकाने त्याचे संपादन हाती घेतले होते, पण 1899 मध्ये ते वारले आणि काम अपुरे राहिले. ते पुरे करायला जो माणूस लागणार होता त्याला बर्मी आणि सिंहली, दोन्ही परंपरा आतून माहीत असणे गरजेचे होते. हस्तलिखितांत एकाच वाक्याचे दोन-तीन पाठ असतात. कुठे नकलणाऱ्याचा हात चुकलेला असतो, कुठे खरोखर वेगळी परंपरा असते. मूळ कोणते हे ठरवायचे. आमच्या कामात एकाच प्रोग्रामच्या दोन आवृत्त्यांतला फरक यंत्र क्षणात दाखवते, पण त्यातली बरोबर कोणती हे अजूनही माणसालाच ठरवावे लागते. कोसंबींकडे फरक दाखवणारे यंत्रही नव्हते. ते डोळ्यांनी आणि स्मरणशक्तीने काम करत होते.

हार्वर्डचे प्रोफेसर लॅनमन या कामाचे प्रमुख होते. संपादनाचे श्रेय कुणाला आणि मुखपृष्ठावर नाव कुणाचे, यावरून दोघांचे बिनसले. कोसंबी काम आणि अमेरिका सोडून 1912 मध्ये परत आले. पुन्हा 1918 मध्ये गेले आणि चार वर्षे राहिले, तेव्हा माणिक आणि धाकटा दामोदर बरोबर होते. त्यानंतर आणखी दोनदा गेले. एका ग्रंथासाठी हा माणूस वीसेक वर्षांत चार वेळा अमेरिकेला गेला. त्याची त्यांनी तयार केलेली देवनागरी आवृत्ती भारतीय विद्या भवनाने 1940 मध्ये प्रसिद्ध केली. हार्वर्डची रोमन आवृत्ती 1950 मध्ये निघाली. तिच्यावर वॉरन यांच्याबरोबर धर्मानंद कोसंबींचे नाव आहे. ते पाहायला ते हयात नव्हते.

पंडितांसाठीचे हे काम एका बाजूला आणि मराठी वाचकांसाठीचे लेखन दुसऱ्या बाजूला, असे दोन्ही आयुष्यभर चालले. ‘बुद्धलीलासारसंग्रह’, ‘बौद्धसंघाचा परिचय’, ‘हिंदी संस्कृती आणि अहिंसा’, ‘भगवान बुद्ध’ ही पुस्तके त्यांनी साध्या, घरगुती मराठीत लिहिली. ‘निवेदन’ हे त्यांचे आत्मचरित्र तर चौथी-पाचवीच्या मुलालाही कळेल इतके सरळ आहे. ‘भगवान बुद्ध’मध्ये त्यांनी जुने ग्रंथ तपासून एक धाडसी गोष्ट मांडली. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही कथा आपण सगळे पाठ्यपुस्तकात शिकलो. कोसंबींच्या मते ती नंतरची रचना आहे. शाक्य आणि कोलिय या शेजाऱ्यांत रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडणे होत, शस्त्रे निघत, आणि या हिंसेतून सुटकेचा मार्ग शोधण्यासाठी तो तरुण बाहेर पडला, असे त्यांनी मांडले. शेताला पाणी कुणी आधी घ्यायचे यावरून भावकीत दांडकी निघालेली आपण पाहिली आहेत. त्यामुळे बुद्धाची ही बाजू आपल्याकडच्या माणसाला पटकन समजेल असे मला वाटते.

पुस्तकात गुंतलेला हा माणूस जगाकडे पाठ करून बसला नाही. अमेरिकेत असताना त्यांनी समाजवादाचा अभ्यास केला. 1922 नंतर गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात शिकवले. 1929 मध्ये प्रोफेसर श्चेर्बात्स्की यांच्या बोलावण्यावरून ते लेनिनग्राडला बौद्ध संस्कृतीच्या संस्थेत गेले. तिथून परतल्यावर मिठाच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. पुढे 1937 मध्ये मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी ‘बहुजन विहार’ सुरू केला. हार्वर्डमध्ये आणि लेनिनग्राडमध्ये जे सांगितले तेच गिरणी कामगारांना आणि दलित वस्तीतल्या लोकांना सांगायचे, हा त्यांचा आग्रह होता. बौद्ध धर्म म्हणजे पंडितांच्या कपाटातली वस्तू नव्हे, हे त्यांना दाखवायचे होते.

आता बाळाबाईंकडे येते. नवरा आज काशीत, उद्या सिंहलद्वीपात, परवा ब्रह्मदेशात, आणि पदरी तान्ही मुलगी, अशी सात वर्षे त्यांनी काढली. एकोणिसावे शतक संपताना गोव्यातल्या खेड्यात नवऱ्याने टाकलेली बाई म्हणून काय ऐकावे लागले असेल याची आपल्याला कल्पना आहे. कोसंबी परत आल्यावरही ते चार-चार वर्षे परदेशी असत आणि संसार बाळाबाई ओढत. त्या काळच्या पाली विद्येच्या इतिहासात त्यांचे नाव नाही. पण तो इतिहास ज्या किमतीवर घडला त्यातला मोठा हिस्सा त्यांनी भरला. कोसंबींबद्दल मला फार आदर आहे, आणि तरीही ही बाजू सांगितल्याशिवाय मुलांपुढे हे चरित्र ठेवू नये असे मला वाटते. त्यांचा ध्यास घ्यावा. दुसऱ्याच्या खांद्यावर टाकलेले ओझे घेऊ नये.

मुलांच्या शिक्षणात मात्र त्यांनी हात आखडता घेतला नाही. माणिक अमेरिकेत रॅडक्लिफ कॉलेजात शिकून पदवीधर झाली, तेही शंभर वर्षांपूर्वी. दामोदर म्हणजे गणितज्ञ आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी. गणिताच्या बरोबरीने त्यांनी प्राचीन भारताच्या इतिहासाला नवी दिशा दिली आणि सह्याद्रीच्या घाटवाटा पायी हिंडून जुन्नर आणि नाणेघाटाच्या व्यापारी मार्गांवर लिहिले. वडील ज्या विद्येसाठी कोलंबोला गेले, तिचा धागा मुलाने आपल्या माथ्यावरच्या घाटात शोधला.

शेवटची काही वर्षे धर्मानंदांची प्रकृती ढासळत गेली. आपल्या हातून आता काम होत नाही, तर इतरांवर भार होऊन जगू नये, असे त्यांनी ठरवले आणि अन्नत्यागाला सुरुवात केली. गांधीजींनी एकदा त्यांना परावृत्त केले. पण निश्चय कायम राहिला. सेवाग्राम आश्रमात महिनाभराच्या उपवासानंतर 4 जून 1947 रोजी त्यांनी देह ठेवला. स्वातंत्र्य दोन महिन्यांवर होते.

भाचीला मी हे सगळे सांगितले, सोयीचे आणि गैरसोयीचे दोन्ही. या विषयात जागा थोड्या आहेत, पगार आमच्या क्षेत्रासारखा नाही आणि परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्तीच्या मागे धावावे लागते, हेही सांगितले. तिच्या वडिलांना मात्र मी एवढेच म्हटले की कोसंबींना जे शिकायला देश ओलांडावे लागले ते आता लोकलने जाऊन शिकता येते. मुलगी हुशार आहे म्हणून तिने भाषा शिकू नये, हे तर्काला धरून नाही. हुशार मुले फक्त आमच्याकडे आली तर नाणेघाटातला लेख वाचणार कोण? तिने प्रवेश घेतला आहे. बरोबर संगणकावर लिप्या हाताळायचे थोडे काम ती माझ्याकडे शिकते. तिच्याकडून मी ब्राह्मीची अक्षरे गिरवते आहे. अ, क आणि म एवढी पक्की झाली आहेत.

आपल्याला मराठी, हिंदी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवणाऱ्या सर्व सरांना आणि बाईंना हा लेख नम्रपणे अर्पण करते. दहावीनंतर आम्ही बहुतेकांनी गणित आणि विज्ञानाचा हात धरला, पण वाचायची सवय तुमच्या तासाला लागली. मेळाव्याच्या दिवशी शाळेच्या वाचनालयासाठी ‘निवेदन’ आणि ‘भगवान बुद्ध’ यांच्या प्रत्येकी दोन प्रती घेऊन येते आहे. वर्गमित्रांनो, तुमच्या घरी भाषेचे किंवा इतिहासाचे वेड असलेले एखादे पोर असेल तर त्यालाही बरोबर आणा. पुस्तके कपाटात जाण्याआधी त्याच्या हातात गेलेली मला जास्त आवडतील.